सौजन्याचा आरसा

त्या दिवशी मी फक्त डबा द्यायला निघाले होते. शाळा सकाळची होती. घरी येऊन दोन भाकरी टाकल्या, वांग्याची भाजी केली, फडक्यात बांधली आणि शेताकडे चालू लागले. सासूबाई उजाडल्यापासून तुरीच्या सोंगणीला गेल्या होत्या. वाटेत कुणी भेटलं नाही. दुपारच्या वेळी आमच्या रस्त्याला कुणी भेटत नाहीच.

मेडशीहून आमच्या वस्तीकडे येणारा रस्ता एका टेकाडाला वळसा घालून येतो. ते वळण असं आहे, की अलीकडच्याला पलीकडचं काही दिसत नाही. माझा नवरा सतीश त्याच वळणावर गेला. बंद पडलेली मोटरसायकल ढकलत कडेकडेनं येत होता आणि गिट्टी भरलेला टिप्पर उलट्या बाजूनं आला. टिप्पर उकंडरावांचा. खदानही त्यांचीच. ड्रायव्हर राजपाल उडी मारून पळाला, मागाहून हजर झाला, मग सुटलाही. चौकशीत निघालं काय, तर वळणावर समोरचं दिसत नाही. म्हणजे दोष वळणाचा ठरला.

वळणाला शिक्षा म्हणून उकंडरावांनी तिथं आरसा बसवला.

परातीएवढा गोल, बाहेरून फुगलेला, लाल कडेचा आरसा. खांबावर निळी पाटी : सौजन्य, उकंडराव मित्रमंडळ. उद्घाटनाला मंडप होता, लाऊडस्पीकर होता. "हे काम मायच्या हातूनच व्हायले पायजे," असं उकंडराव माइकवर म्हणाले, आणि माझ्या सासूच्या हातात कात्री दिली. लिलाबाईंनी फीत कापली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्याच्या चाकाखाली मुलगा गेला, त्याच्या हातून त्यांनी शाल घेतली, कारण नाही म्हणायला त्यांना सुचलंच नाही. मी मागे उभी होते. मलाही सुचलं नाही.

तर मी डबा घेऊन वळणावर आले, आणि सासूबाई शेतात नव्हत्या. त्या आरशासमोर रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. हातात विळा तसाच.

"आत्या, इथं काहून उभ्या? गाडी आली म्हणजे?"

त्यांनी मागे न बघता हात वर केला, गप्प राहा म्हणून.

"सत्या दिसून राह्यला," त्या हळूच म्हणाल्या.

आमच्या घरात असलं बोलणं कधी झालं नाही. आजेसासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून अंगारा, धुपारा, भूत, देवऋषी काही उंबऱ्याच्या आत आलं नाही. मी स्वतः नववीला विज्ञान शिकवते. त्यामुळे मला भीती वाटली ती त्यांच्या डोक्याची. मी त्यांचा दंड धरला आणि समजूत काढायची म्हणून वर बघितलं.

आरशात पलीकडचा रस्ता दिसत होता. पांढरा, वाकलेला, टोकाला दोऱ्यासारखा बारीक. त्या टोकाशी, पळसाच्या झाडाजवळ, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी उभं होतं. नारिंगी.

सतीश काही वर्षं आजोळी, रिठदला राहिला होता. तिथल्या कबड्डीच्या संघात खेळला, आणि नंतरही छातीवर गावाचं नाव असलेली तीच नारिंगी जर्सी विटेपर्यंत घालत राहिला. त्या दिवशीही अंगावर तीच होती.

"कोणीतरी मजूर असन," मी म्हटलं. डबा त्यांच्या हातात दिला आणि वळसा घालून पलीकडे गेले. रस्ता रिकामा होता. पळसापर्यंत चालत गेले. झाडाखाली वाळका पाला, एक फुटकी बाटली. होले घुमत होते, ते एकाएकी थांबले. इतक्या उन्हात अंगावर काटा आला, आणि नाकाला वास आला. गरम दगडाच्या पावडरीचा, आणि त्याच्या आत सतीश डोक्याला लावायचा त्या खोबरेल तेलाचा.

तेवढ्यात टेकाडाच्या पलीकडून सासूबाईंची हाक आली. त्या आरशातून मला बघत होत्या.

"पल्लवी... हालू नको व... त्याच्या बाजूलेच उभी हायेस तू..."

मी पळत परत आले. माझी चप्पल तिथंच राहिली.

*

त्या संध्याकाळी चुलीपुढं सासूबाईंनी मला विचारलं, "तू त पोराईले शिकवतं ना हे. सांग मले. काहून इतकसाक दिसते तो?"

मी सांगितलं. काय करणार? खोटं सांगायला मला येत नाही आणि गप्प बसले असते तर त्या झोपल्या नसत्या. स्टीलच्या डावाची पाठ त्यांच्यापुढं धरली. म्हटलं, फुगीर आरसा सगळं जग गोळा करून आपल्या पोटात मावेल एवढं बारीक करतो. म्हणून वळणावर तोच लावतात. वस्तू लांब असली की प्रतिमा दाण्याएवढी. जवळ आली की मोठी होत जाते. पण कितीही जवळ आली तरी खऱ्या वस्तूएवढी कधीच होत नाही, थोडी लहानच राहते.

"अन् समोर काहीच नसलं त?"

"त दिसत नाई काही. समोर कोणी उभं असल्याशिवाय आरशात येत नाई, आत्या."

त्यांनी डाव माझ्या हातातून घेतला. त्याच्या पाठीवर त्यांचा चेहरा बारीक होऊन हलत होता.

"म्हणजे तो हाये तिथं," त्या म्हणाल्या. "फक्त लांब हाये. जवळ बलावा लागन."

*

त्यानंतर त्या रोज जाऊ लागल्या. तुरी घरात आल्या, हरभरा निघाला, शेतात काम उरलं नाही तरी जायच्या. बरोबर भाकर न्यायच्या. आरशासमोर उभ्या राहून लहान मुलाला बोलवावं तसं बोलायच्या. "ये ना बापा... ये... उन्हात काहून उभा राह्यला..."

मीही जायचे. त्यांना सांभाळायला, असं शाळेत सांगायचे. खरं म्हणजे मलाही तो हवा होता. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. भांडून संपलं नव्हतं, बोलून संपलं नव्हतं. तो गेला त्या सकाळी मी त्याच्यावर रुसलेली होते, कशावरून ते आता आठवतही नाही.

आणि तो येत होता. पळसापासून मोरीपर्यंत आला. मोरीपासून मैलाच्या दगडापर्यंत. चालताना कधी दिसायचा नाही. उभाच असायचा, पण कालच्यापेक्षा अलीकडे. दाण्याचा बोटाएवढा झाला, बोटाचा वीतभर झाला. चेहरा दिसू लागला. मान एका बाजूला कलती होती, ती तशीच राहिली होती. तेवढं सोडलं तर तो आमचा सतीश होता. सासूबाईंनी आनंदानं माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी पिचली.

टिप्परवाल्यांनाही तो दिसू लागला. वळणावर येत, आरशात बघत, करकचून ब्रेक मारत, मग उतरून रिकाम्या रस्त्याकडे बघत राहत. राजपालनं तर गाडी वळणाअगोदर सोडून दिली आणि शेताशेतातून पळत गेला. पुन्हा तो खदानीवर आला नाही.

उन्हाळा लागला तसं मला एक गोष्ट खुपायला लागली. काय ते कळत नव्हतं. चपलेत खडा असावा आणि सापडू नये तसं. एका दुपारी आम्ही आरशासमोर उभ्या असताना पलीकडून टिप्पर आला. त्याच्या कपाळावर मोठ्या अक्षरांत 'आईचा आशीर्वाद' लिहिलेलं होतं. आरशात ती अक्षरं उलटी दिसत होती, उजवीकडून डावीकडं, जशी दिसायला हवीत तशी. टिप्पर सतीशच्या जवळून गेला. त्याच्या छातीवर 'रिठद' लिहिलेलं होतं.

ते मला सरळ वाचता आलं.

मी पुन्हा वाचलं. रि, ठ, द. डावीकडून उजवीकडं. पुस्तकात वाचावं तसं.

आरशासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावरची अक्षरं आरशात सरळ दिसत नाहीत. दिसूच शकत नाहीत. सरळ दिसतात ती फक्त काचेच्या पलीकडच्याची, खिडकीतून बघितल्यावर दिसतात तशी. म्हणजे तो रस्त्यावर नव्हता. कधीच नव्हता. आम्ही इकडून बोलावत होतो आणि तो आमच्याकडं नाही, काचेकडं येत होता... मागून. फुगीर आरशातली प्रतिमा आरशाच्या मागं असते, हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. तुटक रेघांनी. तुटक रेघा अशासाठी, की तिथं उजेड पोचत नाही. तिथं काही नसतं.

"आत्या, घरी चला," मी म्हटलं. "तो इकडं नाई. तो आतून येऊन राह्यला."

त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. डोळे शांत होते.

"येऊन त राह्यला ना," त्या म्हणाल्या. "इकडून आला काय अन् तिकडून आला काय."

पुढं तो आणखी मोठा झाला. एक दिवस सबंध आरसाभर त्याचा चेहराच होता. खऱ्या चेहऱ्यापेक्षा मोठा. बहिर्वक्र आरशात असं होत नाही. मी आतल्या आत तेवढं एकच वाक्य म्हणत राहिले, असं होत नाही, असं होत नाही. डोळे काचेला टेकलेले. श्वास नव्हता, पण काच आतून धुरकट होती.

*

त्याच सुमाराला उकंडराव आले. पांढरी गाडी, मागं दोन माणसं नटबोल्ट खोलायचे पाने घेऊन.

"काय व लिलाबाई, काय अफवा उठवून राह्यली तू? माह्ये ड्रायव्हर या रस्त्यानं यायले तयार नाईत."

"मी कोणाले काही नाई सांगतलं, साहेब. त्याईले दिसते त मी काय करू?"

उकंडराव खांबाखाली आले. वर बघितलं. मी त्यांच्याकडं टक लावून होते. मनात म्हणत होते, बघ. एकदा तरी बघ. नीट बघ त्याच्याकडं. आरशात सतीशचा चेहरा कडेपासून कडेपर्यंत होता आणि त्याचे डोळे खाली उकंडरावांवर आले होते.

उकंडरावांनी मान थोडी वाकडी केली. मिशी सारखी केली, एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं.

"मले त मीच दिसतो," ते म्हणाले. "झकास दिसतो. काढा रे."

त्यांना खरंच काही दिसलं नाही. मी शपथेवर सांगते. राजपालला दिसलं, परक्या टिप्परवाल्यांना दिसलं, दूध घालायला जाणाऱ्या गोविंदाला दिसलं. एक उकंडरावांनाच दिसलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

पाना चालायला लागला तशा सासूबाई त्यांच्या पायाशी बसल्या. "फोडू नका, साहेब. पाया पडते तुमच्या. फोडू नका."

"फोडत कोण? पैशाची वस्तू हाये. माह्या गेटवर लावतो, गाडी काढाले सोयीचा. तुले पाहाचाच असन त ये तिथं."

आणि त्या गेल्या.

उकंडरावांच्या बंगल्याच्या कुंपणभिंतीवर, हाताला लागेल एवढ्या उंचीवर, तो आरसा लावला होता. नुसतं उभं राहायला कुणी देत नव्हतं, म्हणून सासूबाईंनी अंगणाचा झाडू हातात घेतला. मला कळलं ते शाळेत, मुलांकडून. आजेसासऱ्यांनी दीक्षा घेतली, त्याच दिवशी दुसऱ्यांच्या दारातलं काम सोडलं होतं. उपास काढले, पण सोडलं. त्यांच्या घरची सून आज उकंडरावांचं अंगण झाडत होती.

"आत्या, त्याच्या दारात झाडू मारता?" मी घरी ओरडले. "ज्यानं आपल्या माणसाले..."

"झाडू त झाडू," त्या म्हणाल्या. भांडल्या नाहीत. "पोरगं तिथं हाये माह्यं. तू माय झाली असती त तुले समजलं असतं."

उकंडराव आल्यागेल्याला सांगायचे, एकटी पडली बिचारी, म्हणून ठेवली कामाले. लोक म्हणायचे, मनाचा मोठा माणूस.

*

वैशाखातल्या एका दुपारी सासूबाई जेवायला आल्या नाहीत. भाकर वाळून गेली. मी ओढणी डोक्यावर घेतली आणि बंगल्याकडं निघाले. रस्त्यात एक कुत्रं सावलीला पडलेलं, बाकी सगळं सुन्न. खदानीची घरघर रोज ऐकू येते, तीही त्या दिवशी बंद होती.

फाटक उघडं होतं. झाडू अंगणात पडला होता. सासूबाई भिंतीशी उभ्या होत्या. दोन्ही तळहात आरशावर टेकलेले, कपाळ टेकलेलं. लहान मूल खिडकीच्या काचेला नाक लावतं तशा.

"आत्या..."

त्या हलल्या नाहीत.

"आत्या, चला. जेवाचं राह्यलं..."

मी त्यांच्या खांद्याला हात लावला. अंग गार होतं. वैशाखात, उन्हात उभ्या असलेल्या बाईचं अंग गार. मग त्यांनी एक मोठा श्वास सोडला, तळहात सुटे केले आणि बाजूला झाल्या. काच मोकळी झाली. मी आत बघितलं.

सतीश नव्हता. अंगण होतं, फाटक होतं, फाटकावरचं उकंडरावांचं नाव होतं, उलट्या अक्षरांत, नीट. जवळ मी होते, बारीक होऊन. आणि फाटकाबाहेर रस्त्यावर, खूप लांब, दोन माणसं पाठमोरी चालली होती. एक नारिंगी. दुसरी बाई होती, हिरव्या लुगड्यातली. त्यानं तिचा दंड धरला होता. ती मागं वळून बघायला करत होती आणि तो वळू देत नव्हता. बघता बघता दोघं दाण्याएवढी झाली. मग तेवढीही राहिली नाहीत.

मी मागं वळले. फाटकाबाहेर रस्ता रिकामा होता.

माझ्या शेजारी सासूबाई उभ्या होत्या, हिरव्या लुगड्यात. पदर सारखा करत म्हणाल्या, "चाल व, भूक लागली मले."

*

उकंडरावांचं चांगलं चाललं आहे. टिप्पर पुन्हा त्याच रस्त्यानं जातात. त्या वळणावर आता आरसा नाही, नुसता खांब आहे, आणि खांबावर सौजन्याची पाटी तेवढी शिल्लक आहे.

सासूबाईंची तब्येत सुधारली. रात्रीच्या झोपतात. शेजारणींशी हसतात. वळणावर जात नाहीत, बंगल्यावरही जात नाहीत. लोक म्हणतात, सावरली बाई. भाकर मात्र आता डाव्या हातानं मोडतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, उजव्याला काही लागलं असेल. विचारलं तर म्हणाल्या, "मी त अशीच जेवते." भिंतीवर सतीशचा फोटो आहे. एकदा त्याखाली उभ्या राहून त्यांनी बराच वेळ बघितलं. त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले, म्हटलं आज तरी दोघी मिळून रडू.

"चांगला हाये पोट्टा," त्या म्हणाल्या. "कोणाचा व?"

परवा त्यांना ताप भरला म्हणून उपकेंद्रातली नर्स रंजीता घरी आली. गुणी पोरगी आहे, हसतखेळत तपासते. छातीवर डावीकडं स्टेथोस्कोप ठेवला. थोडा सरकवला. पुन्हा ठेवला. तिचं हसू कमी झालं. मग तिनं तो उजवीकडं नेला आणि तिथं थांबली.

"काकू, तुमाले कोणी सांगतलं नाई काय कधी? तुमचं काळीज उजवीकडं हाये."

सासूबाई नुसत्या हसल्या.

"असतात असे लोक," रंजीता मला म्हणाली. "दहा हजारात एखांदं. जन्मापासूनच असते ते. काही धोका नसते."

मी मान हलवली. तिला चहा केला. सतीश गेला त्या रात्री मी या बाईच्या छातीला डावीकडं कान लावून धडधड ऐकत पडले होते, हे मी तिला सांगितलं नाही.

आता घरात आम्ही दोघीच. त्या मला प्रेमानं हाक मारतात, माझ्या केसांना तेल लावतात, डाव्या हातानं. मी घरातली आरशाची फणीपेटी शेजारी देऊन टाकली. डाव, वाट्या, पेले, जे जे फुगीर आणि चकचकीत होतं ते राखेनं घासून आंधळं केलं. आणि सकाळी उठले की डोळे उघडण्याआधी छातीवर हात ठेवून बघते.

अजून तरी डावीकडंच आहे.